चार्जर हलकी करताना

क्वेकर्स हिल, सिडनी
३ मार्च २०२४

यतीन,

चार वर्षांनी लिहितोय. फोन तू उचलणार नाहीस, व्हॉट्सॲपवर मी ब्लॉक आहे, आणि ई-मेल न उघडता डिलीट करता येते. कागद फाडायला तरी हातात घ्यावा लागतो, म्हणून पत्र.

मुद्द्याचं बोलतो. इरावती गेले तीन शनिवार तुझ्या गॅरेजमध्ये आहे. तिला मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत पाठवताना अंजू म्हणाली होती, काका तिथेच आहे, अडीअडचणीला बरं. मी हो म्हटलं. अडीअडचण म्हणजे ताप येणं, किल्ली हरवणं. दर शनिवारी ग्लेन वेव्हर्लीला तुझ्याकडे येऊन त्या जुन्या चार्जर गाडीचे बोल्ट काढत बसणं त्यात येत नाही.

काल तिचा फोन आला. म्हणाली, "बाबा, गेस कर, मागची सीट किती किलोची असेल?"

मी म्हटलं, "दहा-बारा."

"ट्वेंटी-वन. मी सीट उचलून बाथरूमच्या वजनकाट्यावर उभी राहिले, मग माझं वजन वजा केलं. काकाची आयडिया."

मग स्पेअर व्हील किती, जॅक किती, कार्पेट किती, सगळं ऐकलं. प्रत्येक भागावर म्हणे ती मास्किंग टेप लावते आणि वजन लिहिते. एकोणीस वर्षांत ही मुलगी माझ्याशी फोनवर सलग चाळीस मिनिटं बोललेली नाही. काल बोलली. त्यातली पस्तीस तुझी होती.

आता तुला मोठा भाऊ म्हणून नाही, इंजिनियर म्हणून सांगतो. बहात्तर सालची व्हॅलियंट चार्जर आता फारशी कुठे बघायला मिळत नाही. असलेल्या गाड्या लोक जशाच्या तशा जपतात. तू तिची सीट, बंपर, बॉनेट काढून टाकणार, हिलक्लाइंबच्या शर्यतीत टेकडी दोन सेकंद लवकर चढावी म्हणून. ती गाडी आपण दोघांनी मिळून घेतली होती. तू मेलबर्नला घेऊन गेलास तेव्हा मी अडवलं नाही, याचा अर्थ तिचे तुकडे करायला हरकत नाही असा होत नाही.

अजून एक. ती गाडी रस्त्यावर काढू नकोस. निदान इरावती शेजारी बसलेली असताना नको. जुनी गाडी आहे, एवढं कारण पुरे.

दादा


२ एप्रिल २०२४

यतीन,

"काका म्हणाला, लेटर मिळालं." एवढंच उत्तर आलं, तेही इरावतीच्या तोंडून. ठीक आहे.

ईस्टरला ती चार दिवस घरी होती. नखं काळी. अंजूने लिंबू चोळायला दिलं तर म्हणाली, "आई, इट्स फाइन, सगळ्या मेकॅनिक्सची अशीच असतात." जेवताना तुझंच चाललं होतं. काका म्हणतो आधी पुढचं वजन कमी करायचं, कारण इंजिन पुढे आहे आणि वळणावर गाडीचं नाक जड पडतं. काका म्हणतो बॅटरी डिकीत न्यायची. काका म्हणतो वजन उचलून बघितल्याशिवाय कळत नाही, कॅटलॉगवर विश्वास ठेवायचा नाही. मी आमटी वाढून घेत म्हटलं, "बॅटरी मागे नेण्यामागचं गणित मी तुला मांडून दाखवू शकतो."

ती म्हणाली, "नको, बाबा, इट्स ओके. आम्ही करून बघितलं."

मेकॅनिकलची डिग्री माझी आहे, यतीन. तू कॉम्प्युटरवाला. पण ती डिग्री घेऊन मी वीस वर्षं मीटिंगमध्ये बसून वेळापत्रकं करतो, आणि तू ऑफिस सुटल्यावर गाडीखाली शिरतोस. हे असंच होतं लहानपणापासून. अप्पांची स्कूटर तीन दिवस बंद होती. मी पुस्तक उघडून कार्ब्युरेटरची आकृती समजावून सांगत होतो आणि तू अकरा वर्षांचा पोरगा, तू तारेने जेट साफ करून किक मारलीस. अप्पा तुला पुढे उभं करून चक्कर मारून आले. मी फाटकापाशी उभा होतो, पुस्तक हातात घेऊन. मला वाटलं होतं मी ते विसरलो.

शनिवारी मी तिला न विचारता टूल्स घेऊन आलो. बोल्ट किती घट्ट बसला ते दाखवणारा टॉर्क रेंच, गॅरेज जॅक, स्टँड. म्हटलं, "आपण इथेच एक जुनी गाडी घेऊ. तू सुट्टीला आलीस की दोघं मिळून करू." तिने बॉक्स उघडून टॉर्क रेंच बघितला, छान आहे म्हणाली, आणि परत जाताना विचारलं, "हा मी काकाकडे नेऊ का? त्याचा जरा चुकीचा दाखवतो."

तोच रेंच सध्या तुझ्या हातात असेल.

ती तुझ्यासोबत गाडीतून डँडेनाँगच्या डोंगरात जाऊन आली असंही कळलं. मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. मी काही लिहिलं की त्यामागे कारण असतं, एवढं तरी धरून चाल.

दादा


१६ जून २०२४

यतीन,

तुमच्या क्लबच्या पिकनिकचा फोटो अंजूने दाखवला. इरावती मधे, तू शेजारी, मागे चार्जर. तुझ्या छातीवर नावाची चिठ्ठी, तिच्याही छातीवर. दोघांचं आडनाव एकच, त्यामुळे खाली कुणीतरी लिहिलंय, "लाइक फादर लाइक डॉटर." तिने ती कॉमेंट दुरुस्त केलेली नाही. तूही नाही.

तिने हॉस्टेल सोडलं आणि तुझ्याकडे राहायला आली, हेही मला अंजूकडूनच कळलं. अंजू म्हणते त्यात काय, घरचं जेवण मिळेल. अंजूला यात काहीच दिसत नाही. मी तिला म्हटलं, "माझी मुलगी आहे ती." अंजू म्हणाली, "मग तिच्याशी तिच्या आवडीचं काहीतरी बोल ना. तू तिला नेहमी मार्क विचारतोस."

असो. लिहिण्याचं कारण वेगळं आहे. रविवारी फोनवर ती म्हणाली की पुढच्या महिन्यात तुम्ही फ्लोअरवरचं डांबर काढणार. आवाज कमी व्हावा म्हणून पत्र्यावर ते जाड डांबरी थर चिकटवलेले असतात ते. ड्राय आइस टाकून गोठवायचं आणि हातोड्याने फोडायचं, असं तिने मला समजावलं.

ते करू नका.

कारणं देतो. त्यातून जेमतेम चौदा-पंधरा किलो निघतील. त्यापेक्षा फायबरचं बॉनेट टाका, लोखंडाच्या बॉनेटपेक्षा तेवढेच वाचतील. डांबर गेलं की आत एक्झॉस्टची उष्णता येते, पाय भाजतात. आवाजाने डोकं उठतं. उघडा पत्रा गंजतो. ड्राय आइस बंद गॅरेजमध्ये वापरलं तर जीव गुदमरतो, हे तिला माहीत आहे का?

बॉनेट मी पाठवतो. इथे पेनरिथकडे एकजण फायबरचं करून देतो, मी बोलून ठेवलंय. तेवढं डांबर राहू दे. एवढी एक गोष्ट मोठ्या भावाची ऐक.

दादा


२१ जुलै २०२४

यतीन,

बुधवारी संध्याकाळी इरावतीचा फोन आला. रडत होती. आधी मला काही कळेना.

मग कळलं. ड्राय आइस टाकल्यावर डांबर चिक्कीसारखं तुकड्यातुकड्यांनी निघत होतं. ती रबरी हातोडीने पत्रा वाजवत चालली होती. ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, पाय ठेवतात तिथे पत्रा वाजेना. तिथे तिने स्क्रू-ड्रायव्हर दाबला आणि तो आत गेला. फायबरचं कापड आणि पुट्टी, वरून काळा रंग. ते सगळं उपटल्यावर खाली भोक, हाताचा पंजा जाईल एवढं, आणि त्यातून तुझ्या गॅरेजची फरशी दिसत होती. पुढच्या चाकांचं सस्पेन्शन ज्या आडव्या बीमला मागून धरून असतं, त्या बीमच्या अगदी कडेला.

"असं कोण करतं, बाबा? ब्रेक मारताना ते सुटलं असतं तर? मी काकाला विचारलं, हे कुणी केलं. तो म्हणाला, मी. तेव्हा मला वेल्डिंग येत नव्हतं. जस्ट लाइक दॅट. मी त्याच सीटवर बसून डँडेनाँगला गेले, आणि त्याला माहीत होतं."

त्या वेळी मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. पण ती पुढे म्हणाली, "तू येशील का? नवीन वेल्ड तू चेक कर. आय डोन्ट ट्रस्ट हिम एनिमोर."

मी म्हटलं, "येतो."

तुला यातलं अर्धंच माहीत आहे, म्हणून आता पूर्ण लिहितो. २०१७ ला तू डिव्होर्सच्या तारखांसाठी पाच आठवडे पुण्याला गेलास. जाताना म्हणालास, "दादा, तेवढा गंजलेला पत्रा कापून कुणाकडून तरी नीट वेल्ड करून घे." मी म्हटलं, कुणाकडून कशाला, मी करतो. जुनं वेल्डिंग मशीन आणलं. दोन संध्याकाळी व्हिडिओ बघितले. मग पत्र्याला मशीनचा टॉर्च लावला आणि पत्रा वितळून गेला. रुपयाएवढं भोक होतं, ते बशीएवढं झालं. बुजवायला गेलो तर आणखी मोठं. इरावती तेव्हा बारा वर्षांची, गॅरेजच्या दारात उभी राहून बघत होती. विचारलं, "बाबा, झालं?" मी म्हटलं, "झालं." ती आत निघून गेली आणि मग मी कापड आणि पुट्टी आणली. वरून डांबर थापलं.

तू परत आलास तेव्हा मी म्हटलं, एकदम पक्कं झालंय. तू माझ्या पाठीवर थाप मारलीस. म्हणालास, "शेवटी डिग्री कामाला आली."

त्यानंतर ती गाडी आपण कधीच लांब नेली नाही, आठवतंय? दर वेळी मीच काहीतरी काढायचो. टायर जुने आहेत, पाऊस आहे, ऑफिसचं काम आहे. विकून टाकू असं मीच म्हणायला लागलो. आणि माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला तू सगळ्यांसमोर म्हणालास, "उद्या सकाळी इराला घेऊन वुलनगाँगपर्यंत जाऊन येतो, पोरगी किती दिवस मागे लागलीये." ती टाळ्या वाजवायला लागली. तुला थांबवायचं होतं आणि खरं सांगायचं नव्हतं. म्हणून मी ते बोललो. याला बायको सांभाळता आली नाही, हा माझ्या मुलीला काय सांभाळणार. पंधरा माणसं होती. सगळ्यांच्या हातात ताटं.

ते वाक्य तुला दुखवायला होतं असं तू चार वर्षं समजतोयस. ते होतंच. पण आधी ते मला वाचवायला होतं.

मार्चपासून मला माहीत होतं की ती त्या सीटवर बसते. तीन पत्रं लिहिली. एकाही पत्रात लिहिलं नाही.

आता तू तिला सांगितलंस की ते तू केलंस. का, ते मला कळत नाहीये.

हृषिकेश


९ सप्टेंबर २०२४

यतीन,

घरी पोचलो त्याला आठवडा झाला. तुझ्यासमोर जे नीट बोलता आलं नाही ते लिहितो.

इथल्या सप्टेंबरमधल्या फादर्स डेच्या विकेंडला मुलीने आपल्याला बोलवावं, स्वतः एअरपोर्टवर घ्यायला यावं, असं मी कधी मनातही आणलं नव्हतं. ती गाडीत बसल्यापासून बोलत होती. वेल्डर कसा शोधला, ओकलीचा म्हातारा कसा फक्त चाक फिरवल्यासारखं मनगट फिरवून वेल्ड मारतो, त्याने गंजलेला सगळा भाग कापून नवीन दोन एमएमचा पत्रा कसा बसवला. मी टॉर्च घेऊन गाडीखाली झोपलो. वेल्ड सुंदर होता, माझ्या तपासण्याची त्याला काही गरज नव्हती. तरी मी दीड तास लावला. ती शेजारी आडवी झोपून मला विचारत होती, "हे काय, बाबा? इथे का टोचून बघतोस?" मी सांगत होतो आणि ती वहीत लिहून घेत होती.

तू पोहे करून आणलेस. माझ्या डिशमध्ये शेंगदाणे जास्त घातले होतेस, मी बघितलं. तिने डिश हातात घेतली, बेंचवर ठेवली आणि खाल्ली नाही. तू म्हणालास, "इरा, थंड होतील." ती म्हणाली, "आय ॲम गुड, थँक्स." दुकानदाराशी बोलावं तसं. तू घरात निघून गेलास.

मी पोहे संपवले.

आणि यतीन, मला बरं वाटत होतं. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं तेच आहे. ती तुझ्याकडून उठून परत हॉस्टेलमध्ये राहायला गेलीय हे ऐकून बरं वाटलं. गॅरेजच्या भिंतीवर तिने लावलेल्या टेपच्या पट्ट्या होत्या, बंपर अकरा, बॉनेट तेवीस, डांबर पंधरा, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात तिने छोटा हसरा चेहरा काढलेला. जुलैनंतरच्या पट्ट्यांवर चेहरा नव्हता. ते मी बघितलं आणि मला बरं वाटलं.

रविवारी ती कॉफी आणायला गेली तेव्हा मी तुला विचारलं, का केलंस.

तू रेंच पुसत म्हणालास, "मुलीला बाप एकच असतो रे, दादा. काका काय, दुसरा बघता येतो."

मी म्हटलं, "मग आता सांगतो मी तिला."

"सांग."

"तू सांगितलंस तर तिला पटेल, की तू मला वाचवायला..."

"मी नाही सांगणार. मी एकदा बोललोय, आता फिरवणार नाही. तुला सांगायचं तर सांग, नाहीतर नको सांगूस. पण माझ्याकडे बघत उभा राहू नकोस."

तेवढ्यात ती आली. तीन कप हातात. तुझा कप तिने न बोलता बेंचवर ठेवला, माझा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हॅपी फादर्स डे, बाबा."

मी म्हणालो, "थँक्यू, बेटा."

तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मी एअरपोर्टपर्यंत वाट बघत होतो की आपण आता सांगू, आता सांगू. ती सिग्नलला थांबली की वाटायचं, आता. मग सिग्नल सुटायचा. सिक्युरिटीच्या रांगेत तिने मला मिठी मारली. शेवटची मिठी तिने कधी मारली होती ते मला आठवत नाही. अशी मिठी सोडून देऊन खरं बोलणारा माणूस मी नाही, हे मला त्या रांगेत कळलं.

लहानपणापासून तुझा हेवा वाटत आला तो तुझ्या हातांचा. लोक तुझ्याभोवती जमतात त्याचा. आता वाटतो तो वेगळा आहे. तू तिला स्वतःहून घालवलंस आणि पोहे केलेस. मला ते जमणार नाही आणि तुला ते जमलं, हे मला सहन होत नाहीये.

हृषिकेश


६ ऑक्टोबर २०२४

यतीन,

सांगितलं.

सेमिस्टरच्या मधल्या सुट्टीत इरावती घरी आली होती. मंगळवारी आम्ही तिघं कॅसल हिलला गेलो. अंजूला चष्मा घ्यायचा होता, ती वर गेली. आम्ही दोघं कारपार्कमध्ये गाडीत बसून होतो. इरावती मला फोनवर दाखवत होती, नोव्हेंबरच्या हिलक्लाइंबचा फॉर्म. ड्रायव्हरच्या रकान्यात तिचं नाव. गाडीच्या मालकाच्या रकान्यात तुझं होतं, ते खोडून माझं घालायचं म्हणत होती. "ॲक्च्युअली हाफ तुझीच आहे ना, बाबा? काकाला पिट्समध्ये, गाडीजवळ यायची गरज नाही. तू ये."

मला हवं होतं ते सगळं त्या फॉर्मवर होतं.

मी म्हटलं, "ती पुट्टी मी भरली होती. काकाने नाही."

तिला वाटलं मी गंमत करतोय. मग मी पुण्याचं, वेल्डिंग मशीनचं, ती दारात उभी होती त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. ती माझ्याकडे बघत होती. रडली नाही. मधेच म्हणाली, "मला आठवतं. तू 'झालं' म्हणालास." मग विचारलं, "मार्चमध्ये तुला माहीत होतं मी त्या गाडीत बसते?"

"हो."

"एप्रिलमध्ये?"

"हो."

"डँडेनाँगला गेले ते कळल्यावर?"

"हो, इरा."

"आणि तू मला टॉर्क रेंच दिलास."

दार उघडून ती उतरली. म्हणाली, "मी ट्रेनने जाते. आईला सांग." तिथून मेट्रो, मग बस, दीड तास लागला असेल. अंजूचं चष्म्याचं काम आटपून आम्ही घरी पोचलो तर तिची बॅग भरलेली होती. अंजूला तिनेच सगळं सांगितलं. अंजू त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. शनिवारी फक्त म्हणाली, "यतीन भावजी आपल्या घरातून गेले तेव्हा मी तुझी बाजू घेतली होती, हृषी."

इरावती तुझ्याकडे आली असेल. तिने तुझी माफी मागितली असेल आणि तू काहीतरी थट्टा करून ते उडवून लावलं असशील. मला ते दृश्य इतकं स्पष्ट दिसतं की मी दुसरं काही करू शकत नाही. तुम्ही दोघं गॅरेजमध्ये, ती तुला काहीतरी धरायला सांगते, तू चुकीचं धरतोस, ती हसते.

माझ्यासाठी रदबदली करू नकोस. तुझ्या शब्दाखातर तिने मला सहन करावं असं मला वाटत नाही.

हृषिकेश


१८ नोव्हेंबर २०२४

यतीन,

शनिवारी मी तिथे होतो.

अंजू शुक्रवारी विमानाने आली ते तुला माहीतच आहे. मी येऊ का असं मी तिला विचारलं नाही आणि ये असं तीही म्हणाली नाही. ती गेल्यावर मी घरात दोन तास काढले, मग गाडी काढली. रात्री ऑलबरीला मुक्काम केला. सकाळी दहाच्या आत त्या टेकडीवर पोचलो. तिकीट काढलं, कार्यक्रमपत्रिका घेतली. तिसऱ्या वळणाच्या वर, निलगिरीच्या झाडाखाली कुंपणाला लागून उभा राहिलो. शेजारी एक ऑस्ट्रेलियन आजोबा खुर्ची टाकून बसले होते. पत्रिकेत बोट ठेवून म्हणाले, "चार्जर, इलेव्हन सिक्स्टी-एट केजी. समवन्स बीन ऑन अ डाएट, मेट."

एक हजार एकशे अडुसष्ट. सुरुवातीला तेराशे चाळीस होती. म्हणजे तुम्ही एकशे बहात्तर किलो काढलेत. मी मनात वजाबाकी केली आणि त्यातलं काय काय मला फोनवर कळलं होतं आणि काय नाही, ते आठवत बसलो.

पहिल्या फेरीत ती फार जपून आली. वळणाच्या आधी लवकर ब्रेक. एक्केचाळीस पॉइंट दोन सेकंद. दुसरीला एकोणचाळीस नऊ. तुम्ही दोघं खाली स्टार्टपाशी बॉनेट उघडून बोलत होतात, मला दुर्बिणीशिवाय ओळखू येत होतात. ती हात हलवून सांगत होती आणि तू ऐकत होतास. माझ्याकडे ती कधी काही सांगायला आली की मी आधी दुरुस्त करतो आणि मग ऐकतो. हे मला तिथे, दोनशे मीटरवरून बघून कळलं.

तिसरी फेरी. आवाज आधी आला. मग नारिंगी नाक दुसऱ्या वळणातून बाहेर पडलं आणि माझ्या दिशेने वर यायला लागलं. माझ्या समोरच्या वळणावर तिने ब्रेक उशिरा मारला, एवढा उशिरा की मी कुंपणाची तार घट्ट धरली. गाडीचं सगळं वजन पुढच्या चाकांवर आलं. त्याच बीमवर. मला माहीत होतं तिथे आता दोन एमएमचा पत्रा आहे, तो वेल्ड मी दीड तास तपासला होता. तरी माझे डोळे मिटले. उघडले तेव्हा मागची बाजू घसरत होती आणि ती घाबरली नव्हती. थोडं उलट स्टिअरिंग, थोडा पाय, आणि गाडी सरळ. माझ्यासमोरून गेली तेव्हा हेल्मेटमधून चेहरा दिसला नाही. आजोबा म्हणाले, "दॅट गर्ल कॅन ड्राइव्ह." मी म्हणालो, "येस."

माझी मुलगी आहे असं म्हणावंसं वाटलं. ओठांपर्यंत आलं. म्हटलं नाही.

अडतीस पॉइंट सहा. तिच्या गटात दुसरा नंबर, हे लाउडस्पीकरवर ऐकलं. ती खाली आली, हेल्मेट काढलं आणि पळत सुटली. अंजू मधे होती, तिला वळसा घालून आधी तुझ्याकडे आली. तू तिला उचललंस, तुझ्या कंबरेत उसण भरली आणि तू वाकलास, ती हसत तुझी पाठ चोळत होती.

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की हे थांबेल. नाही थांबत. मला तेच झालं जे अप्पांच्या फाटकापाशी झालं होतं, जे त्या पिकनिकच्या फोटोने झालं होतं. फरक एवढाच, की या वेळी मी काही करायला गेलो नाही. खाली उतरायला पाच मिनिटंही लागली नसती. मी खाली गेलो असतो तर तिचा सगळा दिवस माझ्याभोवती फिरला असता. ती बोलली असती की नाही, अंजू काय म्हणाली असती, तू मधे पडला असतास. तिचा अडतीस सहा बाजूला राहिला असता. म्हणून आजोबांना बाय म्हटलं आणि पार्किंगकडे निघालो.

आता तुझ्याबद्दल. मी पार्किंगच्या उतारावर होतो तेव्हा तू कंबरेला हात लावून सरळ झालास आणि वर बघितलंस. टोपी असली तरी तू माझी चाल ओळखतोस. तू मला बघितलंस हे मला माहीत आहे. तू हात केला नाहीस, तिला हाक मारून दाखवलं नाहीस. माझ्यासाठीच गप्प राहिलास, जसा जुलैमध्ये बोललास.

या वेळी तसं करू नकोस. माझ्यासाठी काही लपवू नकोस आणि काही चांगलं करून सांगू नकोस. तिने विचारलं तर सांग, बाबा आला होता, तिसऱ्या वळणावर उभा होता, आणि न भेटता गेला. नाही विचारलं, तर राहू दे.

हृषिकेश